न झालेल्या लढतींची जोड कशी लावावी : हेवीवेट मुष्टियुद्धाच्या चर्चेत नव्याने येणाऱ्यांसाठी

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला कुस्तीची जोड लावणे वेगळे शिकवावे लागत नाही. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या, म्हणजेच प्रा. माणिकरावांच्या आखाड्याच्या, सावलीत जी घरे वाढली, त्यांत कोणता पैलवान कोणाला भारी पडेल यावर जेवणाच्या पानावरही बोलणे चालत असे. आमची शनिवार संध्याकाळची बैठक त्याच सवयीतून सुरू झाली. सुरसागराजवळच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा जण जमतो आणि थोर हेवीवेट मुष्टियोद्ध्यांच्या अशा जोडी लावतो, ज्या प्रत्यक्षात कधी लागल्या नाहीत आणि लागणे शक्यही नव्हते. जो लुई १९५१ मध्ये आपली शेवटची लढत लढला तेव्हा मुहम्मद अली नऊ वर्षांचा होता. तरीही त्या दोघांची जोड आमच्या ओसरीवर अनेकदा लागली आहे आणि दर वेळी त्यातून नवे काही हाती आले आहे.

या बैठकीत नव्याने येणारे बहुतेक जण आवडत्या योद्ध्याचे नाव घेतात, त्याच्या विजयांचा आकडा सांगतात आणि समोरच्याने मान डोलावली नाही की आवाज चढवतात. या चर्चेला एक शिस्त आहे आणि ती कोणालाही शिकता येते. ती शिकण्याचा क्रम मला जसा उलगडला तसा येथे मांडतो.

प्रश्न नेमका करा

‘श्रेष्ठ कोण’ आणि ‘जिंकेल कोण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र आले की चर्चा भरकटते. जॅक जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवले आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विश्वविजेता झाला. त्या काळात त्याला जो द्वेष सोसावा लागला तो ध्यानात घेतला तर त्याच्या मोठेपणाविषयी शंका उरत नाही. परंतु सहा फूट नऊ इंच उंचीच्या टायसन फ्युरीसमोर त्याला उभे केले, तर तो इतिहास त्याच्या बाजूने एकही ठोसा मारणार नाही. म्हणून बसल्यावर आधी ठरवून घ्यावे की आज आपण कारकीर्द तोलत आहोत की लढत लढवत आहोत. हा लेख लढतीविषयी आहे.

दिवस ठरवा

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे असून नवागत नेमके तेच विसरतात. ‘अली’ असे नुसते नाव घेऊन भागत नाही. कोणत्या तारखेचा अली, हे सांगावे लागते. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली, ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात दोरांना पाठ टेकवून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा अली आणि २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्ससमोर हात उचलू न शकलेला अली, हे जोड लावण्याच्या दृष्टीने तीन निरनिराळे योद्धे आहेत. मधली साडेतीन वर्षे, १९६७ ते १९७०, त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली. परतल्यावर त्याच्या पायांत पूर्वीची चपळाई राहिली नव्हती, मात्र मार सोसण्याची ताकद जगाला तेव्हाच दिसली.

आपल्याकडच्या कुस्तीतले उदाहरण घ्यायचे तर गामा आणि पोलिश पैलवान झ्बिश्को ही जोड १९१० मध्ये लंडनला लागली तेव्हा अडीच तासांहून अधिक वेळ निकाल लागला नाही, आणि तीच जोड १९२८ मध्ये पतियाळ्याला लागली तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत कुस्ती मारली. माणसे तीच होती, पण काळ आणि तयारी बदलली होती. मुष्टियुद्धात तर दोन वर्षांतही एवढा फरक पडतो. मॅक्स श्मेलिंगने १९ जून १९३६ रोजी जो लुईला बाराव्या फेरीत चीत केले, आणि २२ जून १९३८ रोजी त्याच लुईने त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. म्हणून आमच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या योद्ध्याची तारीख सांगितल्याशिवाय पहिली फेरी सुरू होत नाही.

नियम ठरवा

लढत कोणत्या काळाच्या नियमांनी होणार, हेही आधीच ठरवावे लागते, कारण नियम बदलले की निकाल बदलू शकतो. १९१५ मध्ये हवानात जॉन्सन जेस विलार्डकडून हरला ती लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती आणि २६व्या फेरीत संपली. पुढे विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी १५ फेऱ्यांचा प्रघात पडला. नोव्हेंबर १९८२ मधील एका लढतीनंतर दक्षिण कोरियाचा दुक कू किम मरण पावला आणि त्यानंतरच्या वर्षांत संघटनांनी एकामागून एक १२ फेऱ्यांची मर्यादा स्वीकारली. रॉकी मार्सियानोने २३ सप्टेंबर १९५२ रोजी जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद घेतले ते तेराव्या फेरीत, आणि तोवर पंचांच्या तिन्ही गुणपत्रकांवर तो मागे होता. आजच्या नियमांत ती लढत बाराव्या फेरीनंतर संपली असती, वॉलकॉट विजेता राहिला असता आणि ४९ विजय व शून्य पराभव हा मार्सियानोचा प्रसिद्ध आकडाही उरला नसता.

प्रतिस्पर्धी खाली पडल्यावर त्याच्यापासून दूर, तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभे राहण्याची सक्ती पूर्वी नव्हती. जॅक डेम्प्सीने ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोत विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, कारण तो उठत असतानाच त्याच्या अंगाशी उभे राहून पुन्हा मारता येत असे. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत जीन टनी पडला तेव्हा नवा नियम लागू होता. डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला, पंचांची मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला सावरण्यासाठी जास्तीचे क्षण मिळाले. डेम्प्सीची जोड माइक टायसनशी लावायची असेल तर या एका नियमावर अर्धा निकाल अवलंबून आहे. हातमोजेही विचारात घ्यावेत : जुन्या काळी पाच-सहा औंसांचे असत, आता हेवीवेटसाठी दहा औंसांचे असतात.

वजन आणि उंची, पण बेताने

आज व्यावसायिक मुष्टियुद्धात हेवीवेट म्हणजे सर्वसाधारणपणे २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या वरचा गट. मार्सियानो त्याच्या बहरात ८३ ते ८६ किलोंच्या दरम्यान असे आणि डेम्प्सी विलार्डविरुद्ध सुमारे ८५ किलोंचा होता. म्हणजे आज दोघेही हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात मोडले असते. एवढ्यावरून ‘जुने योद्धे आजच्या महाकाय माणसांपुढे टिकणारच नाहीत’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना दोन उदाहरणे द्यावीत. डेम्प्सीने सात वेळा पाडलेला विलार्ड त्या दिवशी सुमारे १११ किलोंचा होता. आणि १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्सांद्र उसिकने आपल्यापेक्षा अठरा-एक किलोंनी जड आणि सहा इंच उंच असलेल्या फ्युरीला गुणांवर हरवले. मात्र वजनाचा मुद्दा पूर्ण फेटाळणेही बरोबर नाही. चपळ आणि जाणकार जड माणूस, जसा सहा फूट पाच इंचांचा आणि ८४ इंच पोहोच (पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधले अंतर) असलेला लेनॉक्स लुईस होता, त्याच्यासमोर ८५ किलोंच्या योद्ध्याला आत शिरण्याची वाट शोधावीच लागेल, आणि ती वाट कोणती हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

पुरावा स्वतः पाहा

कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक मोठा दगड आहे. तो बाराशे किलोंचा असून गामांनी १९०२ मध्ये वडोदऱ्यात उचलला, असे सांगितले जाते. मी लहानपणापासून तो पाहत आलो आहे आणि गामांविषयीच्या माझ्या आदराला त्या दगडाच्या वजनाची गरज नाही. पण त्याच्यापुढे उभा राहिलो की मनात येते की ‘उचलला’ म्हणजे जमिनीपासून किती, एका कडेने की पूर्ण, आणि पाहणारे कोण होते? थोरवीचा दावा ऐकल्यावर हे प्रश्न विचारण्याने कोणाचा अपमान होत नाही.

मुष्टियुद्धातही हीच नजर ठेवावी. ४९–० हा आकडा खरा आहे, परंतु मार्सियानोने हरवले तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, वॉलकॉट ३८ वर्षांचा आणि आर्ची मूर चाळिशीच्या आसपासचा, हेही तितकेच खरे आहे. दुसरीकडे, त्याच वॉलकॉटने त्या लढतीच्या पहिल्याच फेरीत मार्सियानोला पाडले होते आणि तरीही तो उठून तेरा फेऱ्या पुढेच चालत राहिला. आकडा कोणाविरुद्ध आणि कोणत्या परिस्थितीत जमला हे पाहिले की त्याच्या दोन्ही बाजू दिसतात.

जुन्या लढतींच्या चित्रफिती पाहताना एक खबरदारी घ्यावी. जॉन्सन, डेम्प्सी यांच्या काळचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालत आणि त्यांची गती आजच्यापेक्षा कमी असे. ती फीत आजच्या गतीने दाखवली की माणसे झटके देत धावत आहेत असे दिसते आणि ‘यांना तर काही येतच नव्हते’ असा चुकीचा समज होतो. शक्य असेल तेथे गती दुरुस्त केलेली प्रत शोधावी. तशी पाहिली तर जॉन्सन समोरच्याचा ठोसा वाटेतच तळहाताने कसा अडवतो, हे पाहून थक्क व्हायला होते.

शैली शैलीशी कशी भिडते

‘‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणजे ‘अ’ हा ‘क’ला हरवणारच’ ही मांडणी शाळेच्या गणितात चालते, रिंगणात चालत नाही. १९७० च्या दशकातील चौघांकडे पाहा. जो फ्रेझरने ८ मार्च १९७१ रोजी अलीला हरवले. फोरमनने २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टनमध्ये त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवले आणि वर्षभराने फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवले. या हिशेबाने किन्शासात फोरमनसमोर अलीचा टिकाव लागणे अशक्य होते, आणि आठव्या फेरीत फोरमन खाली पडला.

याचे कारण समजून घेणे हेच या विद्येचे सार आहे. फ्रेझर वाकून, डोलत, सरळ पुढे येत असे; फोरमन समोरच्याला दोन्ही हातांनी मागे ढकलून अंतर करी आणि खालून वर येणारा ठोसा मारी, त्यामुळे फ्रेझरचे पुढे येणेच फोरमनच्या पथ्यावर पडले. अली पुढे येत नव्हता. तो मागे झुकला, दोरांवर विसावला, फोरमनची मान खाली दाबत राहिला आणि त्याला दमवले. फ्रेझरचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, मात्र अलीच्या सवयीवर नेमका बसे, कारण अली ठोसा चुकवताना खाली न वाकता सरळ मागे झुके आणि हात खाली ठेवी. प्रत्येक योद्ध्याची अशी एक आवडती खोड आणि एक उघडी जागा वहीत लिहून ठेवा. जोड लावताना तिचा उपयोग होतो.

एक जोड लावून दाखवतो

जून १९३८ चा लुई आणि नोव्हेंबर १९६६ चा अली घेऊ. फेऱ्या १५, पडल्यावर तटस्थ कोपरा, मोजे आठ औंसांचे. लुई सुमारे ९० किलो, अली साधारण ९६. उंचीत अली दीड इंचाने वर.

आधी लुईची उघडी जागा पाहू. आमच्या बैठकीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला १९३६ ची श्मेलिंगची लढत लॅपटॉपवर अगदी हळू गतीने लावून दाखवली होती. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “त्याचा डावा हात परत कुठे येतो तेवढेच बघ.” लुईचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, जाताना बाणासारखा सरळ जात होता, पण परतताना हात हनुवटीपाशी न येता खाली उतरत होता, आणि त्या मोकळ्या जागेतून श्मेलिंगचा उजवा ठोसा पुन्हा पुन्हा घुसत होता. तीच फीत मी आधी दोनदा पाहिली होती, आणि ते मला दिसले नव्हते. १९३८ पर्यंत लुईने ती खोड बरीच सुधारली. दुसरी अडचण मात्र टिकून राहिली : सतत सरकणाऱ्या माणसासमोर तो अडखळे. १८ जून १९४१ रोजी त्याच्यापेक्षा कितीतरी हलका बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रकांवर पुढे होता, आणि डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने त्याला दोनदा पाडले.

हे ऐकून अलीच्या बाजूचे लोक खूश होतात, पण कॉनची लढत शेवटपर्यंत पाहावी. तेराव्या फेरीत कॉन लुईला बाद करण्याच्या मोहाने थांबून भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना बाद झाला. लुईला तेवढाच क्षण पुरत असे. त्याचे ठोसे आखूड असत, एकामागून एक जोडलेले असत, आणि पहिला लागला की चौथा लागेपर्यंत तो थांबत नसे. अलीची बाजूही तपासली पाहिजे. १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हूकने तो पडला, आणि १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने पुन्हा पडला. लुईचा डावा हूक या दोघांच्या हूकपेक्षा कमी होता असे कोणी म्हणणार नाही.

माझ्या मते पहिल्या सहा फेऱ्या अलीच्या. १९६६ चा अली कॉनइतकाच चपळ आहे, पण कॉनपेक्षा सुमारे वीस किलोंनी जड, त्यामुळे त्याचा जॅब लुईचे डोके सतत मागे नेईल. सातव्यापासून लुई डोके सोडून बरगड्यांवर काम करील आणि अलीचे वर्तुळ लहान होऊ लागेल. अली मागे झुकलेला असताना नवव्या-दहाव्या फेरीत कधीतरी लुईचा हूक लागेल आणि अली पडेल. तो उठेल, कारण तो दोन्ही वेळा उठला होता, आणि लुई संपवायला येईल तेव्हा त्याला मिठी मारून वेळ काढील. शेवटच्या तीन फेऱ्या अटीतटीच्या होतील आणि अली गुणांवर जिंकेल, पण थोड्याच फरकाने. या निकालात मला जो धोका दिसतो तोही सांगितला पाहिजे : अलीला शरीरावरच्या मारापासून बचाव करण्याचा फारसा सराव नव्हता, आणि १९६६ पर्यंत त्याच्या बरगड्यांची परीक्षा घेणारा लुईच्या तोडीचा कोणी त्याला भेटलाच नव्हता. जो लुईच्या बाजूने बोलेल त्याने येथूनच सुरुवात करावी.

बैठकीचे संकेत

समोरच्याची बाजू तुमच्या तोंडून त्याला मान्य होईल अशी मांडून दाखवा आणि मगच तिच्यावर बोला. आमच्याकडे महिन्यातून एकदा बाजू उलट्या केल्या जातात. माइक टायसनच्या चाहत्याला त्याला हरवणाऱ्या बस्टर डग्लसची बाजू घ्यावी लागते. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत डग्लसचा जॅब कसा चालला होता, हे त्या निमित्ताने तो प्रथमच लक्ष देऊन पाहतो. ‘मला वाटते’ आणि ‘असे घडले’ यांतला फरक बोलताना राखावा. ‘फेरी’ हा शब्द जपून वापरावा : कोण जिंकेल हे कोणीही सांगतो, कोणत्या फेरीत काय बदलेल हे सांगणारा खरा अभ्यासक.

यंत्राने निकाल लावून घेण्याचा मोह नवा नाही. मायामीचे मरी वोरोनर यांनी १९६७ मध्ये जाणकारांकडून योद्ध्यांचे गुणदोष मागवून संगणकाच्या आधारे काल्पनिक लढतींची रेडिओ स्पर्धा घेतली. तीत अली जुन्या काळचा विजेता जिम जेफ्रीज याच्याकडून हरल्याचे दाखवल्यामुळे अलीने दावा लावला. पुढे १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगणात उतरवून चित्रीकरण झाले आणि शेवटाचे एकाहून अधिक प्रकार टिपून ठेवले गेले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत ते दाखवले गेले तेव्हा मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपसाठीच्या प्रतीत अली जिंकला. मार्सियानो त्याआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात गेला होता. यंत्रात काय भरले यावर निकाल ठरतो, आणि भरणारी माणसेच असतात. म्हणून आम्ही असे आकडे ऐकतो, पण त्यांच्यामागची कारणे विचारल्याशिवाय मान्य करत नाही.

येत्या शनिवारी सप्टेंबर १९६२ चा सनी लिस्टन आणि जानेवारी १९७३ चा फोरमन ही जोड आहे, १५ फेऱ्यांची. येणाऱ्याने लिस्टनची फ्लॉइड पॅटरसनविरुद्धची पहिली लढत पाहून यावी, ती एका फेरीतच संपते, आणि किंग्स्टनची दुसरी फेरीही. दोघांचा जॅब कमालीचा जड आहे; तो लागल्यावर समोरच्याचे पाय कोणत्या दिशेला सरकतात ते लिहून आणावे. एक गोष्ट ध्यानात ठेवून या : फोरमन तरुण असताना लिस्टनचा सरावातला जोडीदार होता. या दोघांनी एकमेकांचे ठोसे खरोखर खाल्लेले आहेत, त्यामुळे या जोडीत कोण कोणाला घाबरेल, हा प्रश्न बैठक सुरू होताच पहिल्यांदा निघणार आहे.